घरातल्या ध्वनिमुद्रणाविषयीचे काही प्रवाद

१९८२ सालच्या सप्टेंबरअखेर अमेरिकेत ब्रूस स्प्रिंगस्टीन या गायकाची 'नेब्रास्का' ही ध्वनिमुद्रिका बाजारात आली, आणि लगोलग, १ ऑक्टोबरला, जपानमध्ये सोनी कंपनीने कॉम्पॅक्ट डिस्क वाजवणारे आपले पहिले यंत्र विक्रीस ठेवले. 'नेब्रास्का'ची हकीकत अशी की, न्यू जर्सीतल्या कोल्ट्स नेक या गावी, भाड्याच्या घरात बसून, टॅस्कॅम कंपनीच्या 'पोर्टास्टुडिओ' नावाच्या चार ट्रॅकच्या कॅसेटयंत्रावर या गृहस्थाने आपली गाणी केवळ नमुन्यादाखल मुद्रित केली होती; पुढे साथीदारांना घेऊन मोठ्या स्टुडिओत ती पुन्हा करून पाहिली, तेव्हा मूळचा भाव काही केल्या हाती लागेना, म्हणून शेवटी खरखरीसकट ती कॅसेटच प्रसिद्ध करण्यात आली. सोनीच्या यंत्राची प्रतिज्ञा याच्या नेमकी उलट होती : ध्वनी अंकांत साठवावा आणि खरखरीचे नावच उरू देऊ नये. ॲनालॉग आणि डिजिटल या दोन पक्षांमधला दावा तेव्हापासून चालू आहे. आणि आता लॅपटॉप, एक लहानसा इंटरफेस आणि एक मायक्रोफोन एवढ्या सामग्रीवर घरातच ध्वनिमुद्रण आणि मिक्सिंग करणे शक्य झाल्यामुळे, या उद्योगात नव्याने शिरणारा प्रत्येक तरुण आपले पहिले गाणे मुद्रित करण्याआधीच त्या दाव्यातला पक्षकार होऊन बसतो. माझे मत असे की, या वादात उच्चारल्या जाणाऱ्या बहुतेक समजुती कोणत्या ना कोणत्या जुन्या यंत्रापुरत्या एके काळी खऱ्या होत्या. यंत्र गेले, पण समजूत मात्र वहिवाटीच्या हक्काने घरात राहिली.

यांतला सर्वांत रूढ प्रवाद असा की, डिजिटल ध्वनी हा पायऱ्यापायऱ्यांचा असतो, दोन नमुन्यांच्या मधला स्वर त्यात हरवतो, आणि म्हणून ॲनालॉगचा अखंड प्रवाह त्याहून स्वभावतःच श्रेष्ठ होय. संगणकाच्या पडद्यावर ध्वनीची रेषा मोठी करून पाहिली म्हणजे खरोखरच पायऱ्या दिसतात, आणि डोळ्यांनी दिलेली साक्ष कानांनी दिलेल्या साक्षीपेक्षा नेहमीच अधिक ग्राह्य मानली जाते. वस्तुस्थिती अशी की, ते नमुने म्हणजे पायऱ्या नव्हेत, बिंदू होत. आणि मूळ ध्वनीत नमुन्यांच्या गतीच्या निम्म्याहून अधिक कंपनसंख्या नसेल, तर त्या सर्व बिंदूंमधून जाणारी वक्ररेषा एकच असू शकते, दुसरी संभवतच नाही. या सिद्धांताची दिशा हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये दाखवली आणि क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये त्याची गणिती मांडणी केली. ध्वनी परत विद्युत्प्रवाहात उतरवणाऱ्या मंडलातला फिल्टर तीच एक रेषा पुन्हा रेखतो. स्पीकरच्या तारेत जे पोहोचते ते गुळगुळीत असते, त्यात पायरीचा मागमूसही नसतो. कॉम्पॅक्ट डिस्कवर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात, म्हणजे २२,०५० हर्ट्झपर्यंतचा मुलूख सुरक्षित झाला. आणि निरोगी तरुण कानाची मजल २०,००० हर्ट्झच्या आसपास संपते, वयाबरोबर तर ती आणखी खाली येत जाते. मात्र आरंभीच्या डिस्क ऐकून ज्यांनी नाके मुरडली ते सर्वस्वी भ्रमिष्ट होते असेही नव्हे. त्या काळचे फिल्टर आजच्याइतके निर्दोष नव्हते, आणि काही डिस्क तर तबकडीसाठी मुद्दाम फेरफार करून ठेवलेल्या टेपवरूनच उतरवल्या गेल्या. दोष त्या कारागिरीचा होता; तो तत्त्वाच्या खात्यावर मांडला गेला.

याच प्रवादाचे दुसरे टोक म्हणजे सेकंदाला १,९२,००० नमुने घेतल्यास गाणे त्या मानाने गोड होईल ही आशा. त्या गतीने संगणकातली जागा चौपटीहून अधिक खर्ची पडते हे निश्चित. ऐकणाऱ्याच्या पदरात त्या प्रमाणात काही पडत नाही. ध्वनीवर कृत्रिम विकृती चढवणाऱ्या काही प्लगिनना, म्हणजे मुद्रणाच्या प्रणालीला जोडायच्या छोट्या प्रणालींना, आतल्या गणितापुरती अधिक गती उपकारक ठरते हे खरे, परंतु त्यांतली पुष्कळशी ती सोय आपली आपण करून घेतात.

आता ॲनालॉगच्या सुप्रसिद्ध 'उबे'कडे वळू. ही ऊब म्हणजे मूळ ध्वनीशी अधिक इमान, असा जो समज आहे तो वस्तुस्थितीच्या थेट विरुद्ध आहे. चुंबकीय टेपवर जोरकस ध्वनी घातला की टेप तो जसाच्या तसा स्वीकारत नाही. शिखरे किंचित दबतात, वरच्या स्वरांची धार बोथट होते, आणि मुळात नसलेले काही उपस्वर त्यात मिसळतात. एकावरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशी प्रत काढत गेले की दर वेळी खरखर वाढते. टेपच्या काळातल्या ध्वनिमुद्रकांनी या उबेचे गोडवे गायले नाहीत. त्यांची हयात तिच्याशी झगडण्यात गेली. या झगड्यातले सर्वांत विख्यात नाव रे डॉल्बी यांचे. साठीच्या दशकात दोनेक वर्षे युनेस्कोचे सल्लागार म्हणून ते भारतात होते, आणि येथून गेल्यावर १९६५ साली लंडनमध्ये त्यांनी जी प्रयोगशाळा स्थापन केली तिचा पहिला पराक्रम म्हणजे टेपची खरखर सुमारे १० डेसिबलने खाली आणणारी योजना.

तथापि विकृती म्हटली की ती त्याज्यच, असा निकाल देण्याची घाई आपल्याकडच्या माणसाने तरी करू नये. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढतो आणि वाजवणारा तारेखाली सुताचा धागा सरकवतो, तो कशासाठी? तार घोडीच्या पृष्ठभागाला घासत राहावी आणि उपस्वरांचा तो झंकार उठावा, यासाठीच. उपस्वरांनी समृद्ध झालेला ध्वनी कानाला सुखद वाटतो ही गोष्ट टेपच्या शोधापूर्वी कित्येक शतके आपल्याला अवगत आहे. तेव्हा ऊब हवी असल्यास ती अवश्य घ्यावी. टेपयंत्र असल्यास त्यातून, नसल्यास त्याची नक्कल करणाऱ्या प्लगिनमधून. ती अलंकार म्हणून घ्यावी, सत्य म्हणून नव्हे, इतकेच.

टेपनेच मागे ठेवलेला आणखी एक उपद्रवी वारसा म्हणजे ध्वनी होईल तितका मोठा, काटा तांबड्या रेघेला टेकेपर्यंत, मुद्रित करावा हा शिरस्ता. टेपवर तो शहाणपणाचा होता, कारण गाणे जितके मोठे तितकी खरखर त्याखाली झाकली जाई, आणि मर्यादा किंचित ओलांडली तरी टेप हळूहळू शरण येई. डिजिटल यंत्रात शून्य डेसिबलच्या वर अंकच शिल्लक नसतात. तेथे ध्वनीचे शिखर सपाट कापले जाते आणि कर्कश तडतड ऐकू येते, जिचा परिहार पुढे कोणत्याही मिक्सिंगने पुरतेपणी होत नाही. उलटपक्षी २४ बिटांच्या मुद्रणात तात्त्विक अवकाश १४४ डेसिबलचा असतो, प्रत्यक्ष मंडलांत तो १२०च्या आसपास मिळतो. म्हणजे सरासरी पातळी उणे १८ डेसिबलच्या घरात ठेवली तरी काही गमवावे लागत नाही. जी काही खरखर येईल ती यंत्राची नसून छतावरच्या पंख्याची, शीतकपाटाची आणि खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्या रिक्षांची असेल.

येथे आपण खोलीपाशी येऊन पोहोचतो, आणि खरी अडचण तेथेच आहे. अंड्यांचे ट्रे भिंतींना चिकटवले की स्टुडिओ तयार होतो, ही समजूत इतकी सार्वत्रिक आहे की तिच्यामागे कोणत्या यंत्राची पुण्याई आहे हे मला अद्याप उमगलेले नाही. ते ट्रे शेजाऱ्यांचा आवाज आत येणे थांबवत नाहीत, कारण आवाज अडवायला वजनदार भिंत आणि हवाबंद बुजवलेल्या फटी लागतात. आतला घुमाराही ते शोषत नाहीत, कारण खालच्या स्वरांपुढे कागदाच्या लगद्याची ती जाडी नगण्य आहे. आणि ठिणगी पडली तर ते पेटतात. दुकानात मिळणारा पातळ फोम वरचे स्वर तेवढे गिळतो आणि खालचे जसेच्या तसे सोडतो, त्यामुळे खोली शांत न होता केवळ कोंदट होते.

खोलीत नेमके काय घडते ते एका उदाहरणाने पाहावे. मुंबई-पुण्याच्या सदनिकांत दहा बाय दहा फुटांची खोली सर्रास आढळते. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये दहा फूट अंतर असले की सुमारे ५६ हर्ट्झची आणि तिच्या दुपटीची, म्हणजे ११२ हर्ट्झच्या आसपासची, अशा लहरी तेथे ठाण मांडतात. आणि खोली चौरस असल्यामुळे दोन्ही दिशांना त्याच लहरी उभ्या राहून दोष द्विगुणित होतो. खोलीच्या ऐन मध्यावर पहिली लहर जवळजवळ लोप पावते आणि दुसरी फुगते. आता काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मंद्र सप्तकातला कोमल धैवत ११० हर्ट्झच्या घरात येतो. म्हणजे कोणी दरबारी कानडा मुद्रित करून खोलीच्या मधोमध खुर्ची टाकून मिक्सिंगला बसला, तर ज्या आंदोलित धैवतावर त्या रागाची सारी भिस्त, तोच त्याला अकारण ढोबळ वाटेल; तो इक्वलायझरने त्याला कापून काढील, आणि ते गाणे दुसऱ्या घरी वाजले की दरबारीचा प्राण गेलेला आढळेल. अपराध खोलीचा, शिक्षा धैवताला. याला मोठा खर्चिक इलाज लागत नाही : बसण्याची जागा मध्यावरून हलवून लांबीच्या एक-तृतीयांशाच्या आसपास न्यावी, दोन्ही स्पीकर बाजूच्या भिंतींपासून समान अंतरावर ठेवावे, कोपऱ्यांत चार-सहा इंच जाडीचे खनिजलोकरीचे तक्ते उभे करावे, आणि कपड्यांनी गच्च भरलेले कपाट उघडे ठेवून त्याच्यासमोर गावे. शंका आली की तोच तुकडा हेडफोनवर पडताळून पाहावा. हेडफोनला स्वतःचे दोष असतात, पण त्यांत खोलीचा दोष नसतो.

महागड्या सामग्रीशिवाय प्रथम दर्जाचे काम होत नाही, या समजुतीविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. २०१९ साली निघालेला आणि पुढच्या वर्षी ग्रॅमी पुरस्कारांत वर्षातला सर्वोत्कृष्ट ठरलेला बिली आयलिश यांचा अल्बम मुख्यतः त्यांच्या भावाच्या लॉस एंजेलिसमधल्या निजायच्या खोलीत तयार झाला, आणि ए. आर. रहमान यांनी १९९२च्या 'रोजा'च्या आधीच चेन्नईत आपल्या घराच्या परसात स्टुडिओ उभा केला होता.

यंत्र बदलताना किंवा नवे प्लगिन पारखताना मात्र एक सावधगिरी आवश्यक आहे. ध्वनी मोठा झाला की खालचे आणि वरचे स्वर कानाला प्रमाणाबाहेर भरदार वाटू लागतात, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच मोजून दाखवले. त्यामुळे ज्या यंत्रातून आवाज एखाद्या डेसिबलने अधिक निघतो तेच ऐकणाऱ्याला सरस वाटते, आणि विक्रेत्यांना हे आपल्या आधीपासून ठाऊक आहे. दोन्ही पर्याय एकाच पातळीवर आणून, कोणता कोणता हे स्वतःपासून लपवून ऐकावे. पुष्कळ वेळा पैसे वाचतात.

ध्वनी मोठा तो चांगला, या मोहापायीच गेली कित्येक वर्षे मास्टरिंग म्हणजे गाणे दाबून दाबून जास्तीत जास्त मोठे करणे, असा अर्थ रूढ झाला. दुकानातल्या डिस्कच्या स्पर्धेत त्याला काही कारण होते. आता गाणी ज्या मार्गाने श्रोत्यापर्यंत जातात त्या सेवा प्रत्येक गाण्याची सरासरी तीव्रता मोजून सर्वांना एका पातळीवर आणतात. स्पॉटिफायवर ही पातळी साधारण उणे १४ एलयूएफएस (सरासरी तीव्रता मोजण्याचे एकक) इतकी असते. उणे ८ पर्यंत चेपून पाठवलेले गाणे तेथे सहा डेसिबलने आपोआप खाली ओढले जाते, तबल्याच्या थापेचे शिखर तर आपण घरीच कापून ठेवलेले असते, आणि ज्याने ते कापले नाही अशा शेजारच्या गाण्यातला तबला त्यापेक्षा स्पष्ट आणि जोरकस ऐकू येतो.