दुःखाचे कारण कोठे शोधावे? : मराठी बुद्धचरित्रे आणि गोंदिया परिसरातील दोन बौद्ध परंपरा

बौद्ध धर्माचा परिचय करून देणाऱ्या मराठी लेखनात सामान्यतः एक ठरीव क्रम आढळतो. प्रथम सिद्धार्थाचा जन्म, गृहत्याग व संबोधी. त्यानंतर चार आर्यसत्ये व अष्टांगिक मार्ग. शेवटी त्रिशरण, पंचशील, वंदना इत्यादी आचार. चरित्र, तत्त्वज्ञान आणि आचार अशी ही तीन प्रकरणे एकमेकांपासून अलग ठेवली जातात. वस्तुतः ती तशी अलग नाहीत. सिद्धार्थाने घर का सोडले, ह्या प्रश्नाला जे उत्तर दिले जाते त्यावर दुःख म्हणजे काय हे ठरते. आणि दुःखाचे कारण कोठे मानले जाते त्यावर अनुयायांचा आचार ठरतो. मराठीतील तीन बुद्धचरित्रे आणि गोंदिया जिल्ह्यात शेजारी शेजारी नांदणाऱ्या दोन बौद्ध परंपरा यांच्या आधारे हा संबंध स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

१. परिसराची पार्श्वभूमी

गोंदिया हा जिल्हा भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला. तळ्यांचा आणि धानाचा हा मुलूख वैनगंगेच्या खोऱ्यात येतो. ह्याच नदीच्या काठी, आजच्या भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे १९६९-७० मध्ये झालेल्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष उजेडात आले. तेथील शिल्पांत मुचलिंद नागाची आकृती असून तिचे नाव ब्राह्मी लिपीत कोरलेले आहे. दान देणाऱ्यांचे लेखही तेथे सापडले. त्या लेखांची भाषा प्राकृत आहे. म्हणजे 'धम्म' हा शब्द वैनगंगेच्या खोऱ्याला आज नवीन नाही. मध्यंतरीच्या दीर्घ काळात तो लोकव्यवहारातून लुप्त झाला होता, एवढेच.

आधुनिक काळात ह्या प्रदेशाचा बौद्ध धर्माशी संबंध पुन्हा जुळला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांमुळे. १९५४ साली भंडारा लोकसभा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत ते उमेदवार होते. तीत त्यांचा पराभव झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूर येथे त्यांनी भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून धम्मदीक्षा घेतली आणि नंतर जमलेल्या जनसमुदायाला स्वतः दीक्षा दिली. ह्या घटनेचा प्रभाव पूर्व विदर्भातील गावोगावी पोहोचला. पुढे १९७२ मध्ये अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील गोठणगाव-प्रतापगड परिसरात तिबेटी निर्वासितांची 'नोर्ग्येलिंग' ही वसाहत स्थापन झाली. त्यामुळे एकाच जिल्ह्यात नवदीक्षित मराठी बौद्धांची विहारे आणि तिबेटी महायान परंपरेचे गोम्पा असे दोन्ही पाहावयास मिळतात.

२. मूळ उपदेशाचा गाभा

परंपरेनुसार लुंबिनी येथे जन्मलेल्या शाक्यकुलातील गौतमाला बोधगया येथे संबोधी प्राप्त झाली, सारनाथ येथे त्याने पाच परिव्राजकांना पहिला उपदेश केला आणि कुशीनारा येथे त्याचे महापरिनिर्वाण झाले. पहिल्या उपदेशाचे सार चार आर्यसत्यांत सांगितले जाते : दुःख आहे, दुःखाला कारण आहे आणि ते कारण तृष्णा हे होय, दुःखाचा निरोध शक्य आहे, आणि त्या निरोधाचा मार्ग आहे. सम्यक दृष्टीपासून सम्यक समाधीपर्यंतचा अष्टांगिक मार्ग तो हाच.

ह्या चार विधानांच्या मुळाशी एक विचारपद्धती आहे. पाली परंपरा तिला 'पटिच्चसमुप्पाद' म्हणते. संस्कृतात 'प्रतीत्यसमुत्पाद' ही संज्ञा रूढ आहे. जे जे उत्पन्न होते ते ते काही कारणांवर अवलंबून उत्पन्न होते आणि ती कारणे नाहीशी झाली म्हणजे तेही नाहीसे होते, असा तिचा आशय. अविद्येपासून जरामरणापर्यंतची बारा अंगांची साखळी हा ह्याच नियमाचा विस्तार होय. अनित्यता आणि अनात्मता ही तत्त्वेही त्यातूनच निष्पन्न होतात. कारण जे कारणांवर अवलंबून आहे ते नित्य असू शकत नाही आणि स्वयंभूही असू शकत नाही. दुःख हे ईश्वराने दिलेले नाही आणि ते निष्कारणही नाही. म्हणूनच ते दूर करता येते. बौद्ध विचारातील आशावादाचा पाया येथे आहे.

तथापि कारण आहे हे मान्य केल्यावर ते कोठे आहे हा प्रश्न उरतोच. तृष्णा ही मनात असते हे उघड आहे. परंतु एका माणसाच्या तृष्णेमुळे दुसऱ्याच्या वाट्याला येणाऱ्या दुःखाचे काय? ह्या ठिकाणी चरित्राकडे वळावे लागते.

३. गृहत्यागाची मराठीतील तीन रूपे

मराठी वाचकाला बुद्धाचा आधुनिक परिचय करून देणारे आरंभीचे महत्त्वाचे पुस्तक म्हणजे कृष्णराव अर्जुन केळुसकर यांचे 'गौतम बुद्धाचे चरित्र' (१८९८). हेच पुस्तक केळुसकरांनी १९०७ साली, मॅट्रिक उत्तीर्ण झालेल्या तरुण भीमरावाला भेट दिले होते. ह्या टप्प्यावर मराठीत स्थिरावलेली कथा परंपरागत आहे : वृद्ध, रोगी, मृत आणि संन्यासी अशी चार दर्शने घडून राजपुत्राला वैराग्य आले आणि त्याने मध्यरात्री गुपचूप गृहत्याग केला. ह्या कथेत दुःख हे जरा-व्याधी-मरणाचे, म्हणजे सर्व देहधाऱ्यांना समान असलेले दुःख आहे. त्याचा उपाय एकाकी चिंतनात शोधणे हे ह्या कथेला सुसंगतच ठरते.

धर्मानंद कोसंबी (१८७६-१९४७) यांनी 'भगवान बुद्ध' (१९४०-४१) ह्या ग्रंथात ही कथा पाली त्रिपिटकाच्या कसोटीवर तपासली. चार दर्शनांची कथा मुळात विपस्सी ह्या पूर्वीच्या बुद्धाविषयीची असून ती मागाहून गौतमाच्या चरित्रात आली, असे त्यांनी दाखविले. 'अरियपरियेसन सुत्ता'त गौतमाने आईवडील रडत असता, त्यांच्या देखत गृहत्याग केल्याचा निर्देश आहे. त्यामुळे रात्रीच्या पलायनाची गोष्टही टिकत नाही. त्यांनी भर दिला तो 'अत्तदंड सुत्ता'वर. शस्त्र धारण करून परस्परांशी भांडणारी माणसे पाहून आपल्याला भय वाटले, असे तेथे बुद्ध सांगतो. शाक्य व कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा कलह ह्या संदर्भात महत्त्वाचा ठरतो. कोसंबींच्या 'बोधिसत्त्व' (१९४५) ह्या नाटकाचा विषयही गौतमाचा गृहत्याग हाच आहे. येथे दुःखाची जागा बदलली. ते केवळ देहाचे न राहता माणसामाणसांमधील संघर्षाचे झाले.

डॉ. आंबेडकरांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' ह्या ग्रंथात ही दिशा तिच्या तार्किक टोकापर्यंत गेली. ग्रंथाच्या प्रास्ताविकात त्यांनी चार प्रश्न उपस्थित केले आहेत : परिव्रज्येचे कारण, चार आर्यसत्यांचे मूळ उपदेशातील स्थान, अनात्म आणि कर्म-पुनर्जन्म यांतील विसंगती, आणि भिक्खूसंघाचे प्रयोजन. एकोणतिसाव्या वर्षापर्यंत सिद्धार्थाने वृद्ध, रोगी वा मृत मनुष्य पाहिलाच नव्हता हे पटण्याजोगे नाही, असा त्यांचा आक्षेप आहे. त्यांच्या कथनात सिद्धार्थ शाक्यसंघात युद्धाला विरोध करतो, बहुमत त्याच्या विरुद्ध जाते, आणि आपल्या कुटुंबावर बहिष्काराची व जमीनजप्तीची आपत्ती येऊ नये म्हणून तो स्वतः परिव्रज्या पत्करतो. पुढे शाक्य आणि कोलिय यांच्यात समेट झाल्याचे कळूनही तो परत फिरत नाही. कारण दोन राष्ट्रांतील युद्ध प्रासंगिक असते, वर्गावर्गांतील संघर्ष मात्र नित्य असतो, हे त्याच्या ध्यानात येते.

एकूण सुमारे ६० वर्षांच्या अवधीत गृहत्यागाचे कारण देहाकडून समाजाकडे सरकले. हा बदल केवळ ऐतिहासिक चिकित्सेचा नव्हे. ज्यांचे दुःख जरामरणापूर्वीच, जन्माबरोबर, जातीच्या रूपाने वाट्याला आले होते त्यांना बुद्धाच्या उपदेशात स्वतःच्या प्रश्नाचे उत्तर दिसावे, ह्यासाठी तो आवश्यक होता. दया पवारांच्या बुद्धावरील कवितेत ध्यानस्थ बुद्धाऐवजी दुबळ्यांमध्ये वावरणारा बुद्ध का दिसतो, हे ह्या पार्श्वभूमीवर समजून घेता येते.

४. आचार : बावीस प्रतिज्ञा आणि वर्षावास

दीक्षासमारंभात त्रिशरण-पंचशीलाला डॉ. आंबेडकरांनी २२ प्रतिज्ञांची जोड दिली. ह्या प्रतिज्ञांकडे बहुधा पूर्वधर्माचा त्याग एवढ्याच अंगाने पाहिले जाते. पण त्यांची रचना बारकाईने पाहिली असता निराळी गोष्ट दिसते. आरंभीच्या प्रतिज्ञा नकाराच्या आहेत. नवव्या-दहाव्या प्रतिज्ञेत समता येते. अकरावीत अष्टांगिक मार्ग, बारावीत दहा पारमिता. आणि तेराव्या प्रतिज्ञेतील करुणेपासून सतराव्या प्रतिज्ञेतील मद्यत्यागापर्यंत पंचशीलच मराठी रूपात उतरले आहे. म्हणजे अष्टांगिक मार्गाच्या आणि शीलाच्या आधी समता ठेवलेली आहे. एकविसाव्या प्रतिज्ञेत दीक्षेने आपला नवा जन्म झाल्याची भावना व्यक्त होते. पुनर्जन्माच्या कल्पनेचे याच आयुष्यात, याच देहात झालेले हे रूपांतर मराठी साहित्याच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावे असे आहे.

गावातील विहारात बुद्धमूर्तीशेजारी बाबासाहेबांची प्रतिमा असते. मेणबत्ती व अगरबत्ती लावून पालीत त्रिशरण-पंचशील म्हटले जाते. वंदनेत भीमस्मरणाचाही समावेश असतो. नामकरण, विवाह, अंत्यविधी यांतही हेच पठण केंद्रस्थानी असते. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतच्या वर्षावासात 'बुद्ध आणि त्याचा धम्म' ह्या ग्रंथाचे सामुदायिक वाचन करण्याचा प्रघात महाराष्ट्रातील बौद्धांमध्ये सर्वत्र रूढ झाला आहे. विनयपिटकात वर्षावासाचे कारण असे दिले आहे की, पावसाळ्यात हिंडणारे भिक्खू कोवळे अंकुर तुडवितात अशी लोकांची तक्रार होती. धानाच्या प्रदेशात ह्या कारणाला वेगळे स्पष्टीकरण लागत नाही. वर्षावासाचा आरंभ आणि रोवणी एकाच हंगामात येतात. फरक असा की, मूळ नियम भिक्खूंसाठी होता. येथे तो गृहस्थांनी स्वीकारला. दिवसभर बांधीत राबणारा माणूस संध्याकाळी ग्रंथश्रवणाला बसतो. भिक्खूंची संख्या अल्प असलेल्या समाजात ग्रंथ हाच उपदेशक झाला आहे.

५. प्रतापगडची तिबेटी परंपरा

१९५९ नंतर भारतात आलेल्या तिबेटी निर्वासितांपैकी काहींना ह्या परिसरात जमीन मिळाली. शेती आणि हिवाळ्यात शहरोशहरी लोकरी कपड्यांची विक्री ही त्यांची परिचित उपजीविका. त्यांचा बौद्ध धर्म महायान-वज्रयान परंपरेचा आहे. त्यात बोधिसत्त्वाचा आदर्श प्रधान असून पारमिता सहा मानतात. अवलोकितेश्वराचा षडक्षरी मंत्र, जपचक्रे, प्रदक्षिणा, साष्टांग प्रणिपात, दीपदान हे नित्याचे आचार होत. बुद्ध, धर्म व संघ यांच्याबरोबर गुरूलाही शरण जाण्याची पद्धत तेथे आहे. कर्म आणि पुनर्जन्म यांवरील श्रद्धा ह्या परंपरेत पायाभूत असून अवतारी लामांची संकल्पना तिच्यावरच उभी आहे. सर्व प्राणिमात्र कोणत्या ना कोणत्या जन्मात आपली माता होते, असे चिंतन करून करुणा वाढविण्याची साधना तेथे शिकवितात. दुःखाचे मूळ चित्तातील क्लेशांत आहे, म्हणून चित्ताचे परिवर्तन हा तिचा मुख्य उपाय आहे.

६. दोहोंतील भेद आणि साम्य

वरवर पाहता ह्या दोन परंपरांत मेळ बसणे कठीण वाटते. एकीत पुनर्जन्माचा नकाराच्या जवळ जाणारा नवा अर्थ आहे, दुसरीत त्याचा निःशंक स्वीकार. एकीत कर्मकांडाविषयी संशय, दुसरीत विधींची समृद्धी. त्यामुळे एकीला 'खरा' आणि दुसरीला 'भ्रष्ट' बौद्ध धर्म ठरविण्याचा मोह होतो. शुद्धतेच्या बाजूने बोलणारा आंबेडकरी परंपरेला राजकीय म्हणून बाजूला सारतो, विवेकवादी वाचक तिबेटी परंपरेला अंधश्रद्ध म्हणून. दोन्ही निर्णय घाईचे आहेत.

दुःख सकारण आहे आणि म्हणून निवार्य आहे, हे दोन्ही परंपरांना सारखेच मान्य आहे. एक परंपरा कारणाचा शोध प्रामुख्याने समाजरचनेत घेते, दुसरी प्रामुख्याने चित्तात. परंतु पहिलीने शील आणि करुणा वगळलेली नाही. बावीस प्रतिज्ञांपैकी सहा-सात प्रतिज्ञा व्यक्तीच्या आचरणाविषयीच आहेत. दुसरीनेही करुणेला स्वतःच्या मुक्तीपुरते मर्यादित ठेवलेले नाही. शिवाय दोन्ही समाजांच्या बौद्धत्वामागे विस्थापनाचा अनुभव आहे : एकाला गावकुसाबाहेर ठेवले होते, दुसऱ्याला देश सोडावा लागला. ज्याने आपल्याला मार्ग दाखविला त्या गुरूविषयीची कृतज्ञता दोन्हींच्या वंदनेत व्यक्त व्हावी, हेही सूचक आहे.

'अलगद्दूपम सुत्ता'त धम्माला तराफ्याची उपमा दिली आहे. तराफा नदी ओलांडण्यासाठी असतो, पैलतीरावर डोक्यावर वाहून नेण्यासाठी नसतो. ह्या उपमेच्या आधारे आणखी एक गोष्ट म्हणता येईल : तराफा कसा बांधावा हे नदीचे पात्र पाहून ठरते.

७. समारोप

उपर्युक्त विवेचनावरून असे दिसते की, मराठी बुद्धचरित्रांतील गृहत्यागाचा प्रसंग हा निव्वळ कथानकाचा भाग नसून तो अर्थनिर्णयाचा बिंदू आहे. त्यातून दुःखाची व्याख्या आणि त्या व्याख्येतून आचार निघतो. दलित साहित्यातील बुद्धप्रतिमा शिकविताना हा क्रम विद्यार्थ्यांसमोर ठेवणे अगत्याचे आहे. अन्यथा त्या प्रतिमा केवळ अलंकार म्हणून वाचल्या जातात. पूर्व विदर्भातील महाविद्यालयांत तर ह्या विषयाची साधने ग्रंथालयाच्या बाहेरही उपलब्ध आहेत. वर्षावासातील ग्रंथवाचनाची भाषा, वंदनेतील पाली आणि मराठी यांचे नाते, लग्न व अंत्यविधीच्या पठणातून घडलेली नवी शब्दकळा, तिबेटी वसाहतीशेजारच्या गावांतील परस्परपरिचय, हे सर्व क्षेत्रीय अभ्यासाचे विषय आहेत. त्या पठणात वाढलेले विद्यार्थी आपल्याच वर्गात बसलेले असतात, हे अध्यापकाने लक्षात घेतले पाहिजे. त्यांच्या घरातील वंदनेला अभ्याससामग्रीचा दर्जा मिळाला, तर मराठी साहित्याच्या आकलनात मोलाची भर पडेल.