ओर्वाल मठाची तांबूस बिअर आणि तिची चव

ख्रिस्ती मठ आणि बिअर हे दोन शब्द एकत्र ऐकून आपल्यापैकी अनेकांना नवल वाटेल. परंतु बेल्जियममधील ओर्वालच्या ट्रॅपिस्ट मठात गेली अनेक दशके बिअर तयार होत आहे. तिची चव समजून घ्यायची असेल, तर आधी त्या मठाची कथा जाणून घ्यावी लागते.

सिस्टर्सियन मठवासी ११३२ साली ओर्वालला आले. १७९३ साली फ्रेंच क्रांतीच्या सैन्याने हा मठ जाळून टाकला आणि सव्वाशेहून अधिक वर्षे तेथे केवळ भग्नावशेष उरले. १९२६ साली पुनर्बांधणीस प्रारंभ झाला. त्या बांधकामास द्रव्यसाहाय्य व्हावे म्हणून १९३१ साली तेथे ब्रुअरी सुरू करण्यात आली. तोंडात अंगठी धरलेला मासा हे तिचे चिन्ह आहे. काउंटेस मॅटिल्डाची झऱ्यात पडलेली अंगठी एका माशाने परत आणून दिली, या आख्यायिकेवरून ते घेतले आहे.

या बिअरमध्ये मद्यांश ६.२ टक्के असतो. मोड आणून भाजलेल्या सातूमुळे तिला तांबूस रंग येतो, तर कडवटपणा येतो तो हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांमुळे. ही फुले उकळली की कडूपणा उतरतो, पण सुगंध बराचसा उडून जातो. म्हणून ओर्वालला बिअर थंड झाल्यावर पुन्हा हॉप्स घालतात. हॉप्समुळे पेय टिकते, हे बाराव्या शतकात संत हिल्डेगार्ड हिनेही लिहून ठेवले आहे.

चव घेताना बिअर फार गार नसावी. १२ ते १४ अंश सेल्सिअस तापमान योग्य. रुंद तोंडाच्या पेल्यात ती सावकाश ओतावी आणि तळाचा गाळ बाटलीतच ठेवावा. प्रथम रंग पाहावा, मग वास घ्यावा आणि नंतरच लहान घोट घ्यावा. ताज्या बाटलीत फुलांचा ताजा गंध आणि ठसठशीत कडवटपणा असतो. बाटलीतील ब्रेटानोमायसिस नावाचे यीस्ट उरलेली साखर हळूहळू खात राहते. त्यामुळे सहा महिन्यांनंतर हॉप्सचा गंध मंदावतो, चव अधिक कोरडी होते आणि चामड्यासारखा किंचित वास येऊ लागतो.

‘ट्रॅपिस्ट’ बोधचिन्हाचे नियम मात्र चवीपलीकडचे आहेत. उत्पादन मठाच्या परिसरातच, मठवासीयांच्या देखरेखीखाली व्हावे लागते. उत्पन्न मठाच्या निर्वाहासाठी आणि सेवाकार्यासाठीच वापरले जाते. बेल्जियममधील आखेल येथे मठवासी उरले नाहीत, तेव्हा २०२१ साली तेथील बिअरने हे बोधचिन्ह गमावले. कृती तीच असूनही केवळ प्रार्थना करणारा समुदाय नाही म्हणून नाव गेले! दैवी पाचारणे घटली की काय काय हरवते, याचे हे एक उदाहरणच म्हणावे लागेल.

संत बेनेडिक्ट यांनी आपल्या नियमावलीच्या ४८ व्या अध्यायात हातांच्या श्रमांना मान दिला आहे. ४० व्या अध्यायात मद्याचे बेताचे माप सांगून, ज्यांना संपूर्ण वर्ज्य करण्याचे सामर्थ्य लाभले आहे त्यांना विशेष प्रतिफळ मिळेल, असेही म्हटले आहे. व्यसनाने उद्ध्वस्त झालेली कुटुंबे आपण पाहतो, तेव्हा या शब्दांचे मोल कळते. जो घेणार नाही त्याने संकोच बाळगू नये. जो घेईल त्याने एका पेल्यावर थांबावे आणि त्यामागील श्रमांचे स्मरण ठेवावे.