अंतरिम व्यवस्थापन, आंतरराष्ट्रीय प्रकल्पांचे
परदेशी भांडवल, परदेशी तंत्रज्ञ आणि स्थानिक श्रमशक्ती यांच्या संयोगातून उभ्या राहणाऱ्या रेल्वे, धरण, बंदर, वीजकेंद्र यांसारख्या प्रकल्पाचा ठेकेदार वा व्यवस्थापक मृत्यू, दिवाळखोरी, करारत्याग इ. कारणांनी दूर झाला असता, कायम व्यवस्था होईपर्यंत काम चालू ठेवण्याची जी तात्पुरती तजवीज करतात, तीस अंतरिम व्यवस्थापन म्हणतात. अशा वेळी अपुऱ्या कामाचे मोजमाप, थकलेली देणी व कामावरील माणसांचा विश्वास हे प्रश्न एकदमच उभे राहतात. भाषा व चालीरीती भिन्न असल्या म्हणजे यांपैकी शेवटचा प्रश्न विशेष बिकट होतो.

महाराष्ट्रातील याचे ठळक उदाहरण बोरघाटाच्या रेल्वेचे होय. इंग्लंडमध्ये १८४९ साली स्थापन झालेल्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीचा मुंबई–सोलापूर मार्ग टप्प्याटप्प्याने बांधला जात होता. खंडाळा–पुणे भाग १८५८ मध्ये सुरू झाला. दिक्साळ–बार्शी रोड (सांप्रतचे कुर्डुवाडी) हा टप्पा, ज्यावर जेऊर (ता. करमाळा, जि. सोलापूर) हे स्थानक आहे, तो १८५९ मध्ये खुला झाला. सोलापूरला रेल्वे १८६० मध्ये पोहोचली. मात्र मधला घाट अपुराच होता. त्यामुळे सोलापूर भागातून मुंबईस निघालेल्या उतारूस खंडाळ्यास गाडी सोडून पालखी, तट्टू वा बैलगाडीने घाट उतरावा लागे आणि पायथ्याशी खोपोलीस पुन्हा गाडी धरावी लागे. मालाचीही तीच गत होती. म्हणजे घाटातील प्रत्येक दिवसाचा खोळंबा थेट देशावरच्या व्यापारास भोवत असे.

सु. २५ किमी. लांबीचा, सु. ५५८ मी. चढाचा व २५ बोगद्यांचा हा घाटमार्ग बांधण्याचा ठेका विल्यम फेव्हिएल या इंग्रज ठेकेदाराकडे होता. काम १८५६ मध्ये सुरू झाले. ठेकेदार, त्याचे यूरोपीय पर्यवेक्षक, पोटठेकेदार, मुकादम व शेवटी मजूर अशी ही साखळी असे. पैसा वरून खाली झिरपताना वाटेतच अडे आणि मजुराची तक्रार खालून वर पोहोचतच नसे. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून दंगल उसळली व मार्चमध्ये फेव्हिएलने ठेका सोडला. उन्हाळ्यात पाण्याचा तुटवडा, पटकीची साथ आणि पावसाळ्यात थांबणारी उघड्यावरील कामे यांमुळे आधीच मजूर टिकवणे जिकिरीचे होते.

कंपनीने नवा ठेकेदार मिळेपर्यंत काम स्वतःकडे घेतले व अ‍ॅडमसन आणि क्लाउझर या आपल्या अभियंत्यांवर सोपवले. त्याच वर्षी सॉलोमन ट्रेडवेल याला ठेका देण्यात आला. पण भारतात उतरल्यावर पंधरवड्यातच तो मरण पावला. ठेका त्याची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल हिच्या नावे चालू राहिला आणि व्यवस्थापक म्हणून पुन्हा अ‍ॅडमसन व क्लाउझर हेच नेमले गेले. जानेवारी १८६१ मध्ये मजुरांची संख्या ४२,००० वर गेली होती. १८६३ मध्ये मार्ग खुला झाला. लोकांच्या स्मरणात या कामाचे श्रेय बहुधा श्रीमती ट्रेडवेल यांच्या धीरास दिले जाते, आणि ठेका न सोडण्याचा निर्णय धैर्याचा होताच. तथापि काम तडीस गेले ते मुख्यतः ठेकेदार बदलले तरी डोंगर, मुकादम व मजूर यांची ओळख असलेले अभियंते बदलले नाहीत म्हणून.

मजुरीचे तंटे दंडाधिकाऱ्यांकरवी तत्काळ मिटविण्याची तरतूद १८६० च्या कायद्याने झाली. त्यात काम सोडणाऱ्या मजुरास शिक्षाही होती, त्यामुळे हा कायदा निव्वळ मजुरांच्या कैवाराचा म्हणता येत नाही.

अलीकडच्या काळात दाभोळ (जि. रत्नागिरी) येथील अमेरिकी भांडवलाच्या वीजप्रकल्पावर असाच प्रसंग आला. वीजदराच्या वादातून २००१ मध्ये निर्मिती बंद पडली व पुढे मालमत्ता न्यायालयाने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात गेली. रिसीव्हरचे काम मालमत्ता सांभाळण्याचे, प्रकल्प चालविण्याचे नव्हे. त्यामुळे यंत्रे वर्षानुवर्षे निष्क्रिय राहिली. २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी स्थापन झाल्यावर २००६ मध्ये निर्मिती अंशतः पुन्हा सुरू झाली.