डेटाबेस टिप्पणी

डेटाबेस टिप्पणी म्हणजे तक्त्याचा किंवा त्यातील स्तंभाचा अर्थ सांगणारा, डेटाबेसमध्येच साठवलेला मजकूर होय. प्रोग्रामच्या संहितेतील टीप केवळ संहिता वाचणाऱ्यास दिसते. ही टिप्पणी मात्र थेट डेटाबेस उघडणाऱ्यासही दिसते.

गरज

स्तंभाच्या नावावरून त्यातील आकड्याचा अर्थ नेहमीच कळतो असे नाही. उदाहरणार्थ, बुलढाणा जिल्ह्यातील शेतजमिनींच्या एखाद्या तक्त्यात ‘क्षेत्र’ या स्तंभात ०.४० अशी नोंद आहे असे मानू. सातबाऱ्याप्रमाणे ती हेक्टर-आरमध्ये असल्यास जमीन ४० आर, म्हणजे जवळपास एक एकर ठरते. एकरात असल्यास ती केवळ १६ गुंठे भरते. ‘जिल्हा संकेतांक’ या स्तंभाचेही तसेच आहे. बुलढाण्याचा संकेतांक २००१च्या जनगणनेत ०४, तर २०११च्या जनगणनेत ५०० होता. स्तंभावर एकक व जनगणनेचे वर्ष नोंदवलेले असल्यास असा घोटाळा टळतो.

ओआरएमद्वारे टिप्पणी

प्रोग्रामिंग भाषेतील वर्ग आणि डेटाबेसमधील तक्ते यांची सांगड घालणाऱ्या प्रणालीस ओआरएम म्हणतात. तिच्यात स्तंभाच्या व्याख्येतच टिप्पणी लिहिता येते. रेल्सच्या ५.० (२०१६), एसक्यूएलअल्केमीच्या १.२ (२०१७) आणि जँगोच्या ४.२ (२०२३) या आवृत्त्यांपासून ही सोय उपलब्ध आहे. जँगोमध्ये स्तंभासाठी ‘डीबी_कॉमेंट’ आणि तक्त्यासाठी ‘डीबी_टेबल_कॉमेंट’ हे पर्याय वापरतात. मजकूर बदलल्यावर नवे स्थलांतर (मायग्रेशन) तयार करून चालवावे लागते. त्यामुळे टिप्पणीतील प्रत्येक बदल संहितेच्या इतिहासात राहतो.

डेटाबेसनुसार फरक

पोस्टग्रेसक्यूएल व ओरॅकल यांत ‘कॉमेंट ऑन’ हा आदेश आहे. मायएसक्यूएलमध्ये टिप्पणी हा स्तंभाच्या व्याख्येचा भाग असून तिची मर्यादा १,०२४ अक्षरे आहे. एसक्यूलाइटमध्ये ही सोय नसल्याने जँगो तेथे केवळ इशारा देते.

मर्यादा

टिप्पणी माहितीची तपासणी करत नाही. ‘हेक्टर’ असे लिहिलेल्या स्तंभातही एकरातील आकडा भरला जाऊ शकतो. स्तंभाचा उपयोग बदलूनही टिप्पणी जुनीच राहिल्यास ती दिशाभूल करते. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये डेटाबेसशी जोडलेल्या कोणत्याही वापरकर्त्यास टिप्पण्या वाचता येतात. म्हणून त्यांत गोपनीय मजकूर लिहू नये.