नव्या कारखान्यांस करमाफी : इस्तावा कीं इनाम ?

नवा कारखाना काढणारास सरकारनें कांहीं वर्षें कर माफ करावा कीं नाहीं, हा प्रश्न वरवर पाहतां व्यापाऱ्यांचा दिसतो; शेतकऱ्यास त्याशीं काय कर्तव्य, असें आमच्या पुष्कळ बंधूंस वाटेल. परंतु खजिन्यांत एकानें भरावयाचा पैसा त्यानें न भरला, म्हणजे तो दुसऱ्या कोणास तरी भरावा लागतो, नाहीं तर त्या पैशाचा रस्ता, पाट किंवा शाळा व्हावयाची राहते. शिवाय त्या कारखान्यांत जाणारा कापूस, भुईमूग व केळीं आपल्याच शेतांतलीं. तेव्हां या माफींत न्याय किती व अन्याय किती, हें आपणही तपासून पाहिलें पाहिजे.

माफीची ही कल्पना कांहीं परकी नव्हे. मराठी अमदानींत पडीत जमीन लागवडीस आणणाऱ्या कुळास इस्ताव्याचा कौल मिळत असे. पहिल्या वर्षीं सारा अगदीं हलका, पुढें दरसाल थोडा थोडा चढता, आणि ठरलेलीं वर्षें भरलीं म्हणजे पुरता दस्त. रान तोडणाऱ्याच्या कष्टांस अवसर मिळे, आणि सरकारचा हक्कही बुडत नसे. माफी कधीं संपणार हें कुळास पहिल्याच दिवशीं ठाऊक असे.

दुसरा दाखला आपल्या धुळ्याचा आहे. होळकरी धामधूम, 1803-04 चा दुष्काळ व पेंढाऱ्यांची लूट यांनीं खानदेश ओस पडला होता. 1818 सालीं तो इंग्रजांच्या हातीं गेल्यावर कप्तान ब्रिग्ज यानें 1819 त धुळें हें मुख्य ठाणें ठरविलें. त्या वेळीं तेथें 401 घरें व 2,509 माणसें होतीं. व्यापारी येऊन राहावे म्हणून घरांच्या जागा कायमच्या बिनभाड्यानें दिल्या गेल्या. आणि पक्कीं घरें बांधण्यास आगाऊ रकमाही दिल्या गेल्या. ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही, कीं त्या रकमा बाहेरून आलेल्यांस मिळाल्या तशा जुन्या रहिवाशांसही मिळाल्या. 1872 सालीं गांवची वस्ती 12,489 झाली होती.

तिसरा दाखला विहिरीचा. 1879 च्या मुंबई जमीन महसूल कायद्यानें असें तत्त्व मान्य केलें, कीं रयतेनें स्वतःच्या खर्चानें जमिनीची जी सुधारणा केली तिच्याबद्दल फेरआकारणीच्या वेळीं सारा वाढवूं नये. विहीर जो कोणी खणील त्यास हा लाभ होता. त्याकरितां कोणाची ओळख लागत नव्हती.

आतां कारखान्यांकडे वळूं. स्वतंत्र भारताच्या सरकारनें 1949 सालीं आयकराच्या कायद्यांत नव्या उद्योगांस सवलत दिली : पहिल्या पांच वर्षांत भांडवलाच्या शेंकडा 6 पर्यंतच्या नफ्यावर कर नाहीं. महाराष्ट्र सरकारनें 1964 पासून सामूहिक प्रोत्साहन योजना सुरू केली. मुंबई, ठाणें व पुणें येथें दाटलेले उद्योग मागास भागांत पसरावे, हा तिचा हेतु. तालुक्यांचे वर्ग पाडले, आणि वर्ग जितका मागास तितकी सवलत अधिक ठेविली. पूर्वी या योजनेंत नव्या कारखान्यास विक्रीकर माफ होई, किंवा गिऱ्हाइकापासून घेतलेला कर कांहीं वर्षें स्वतःपाशींच ठेवून मागाहून भरण्याची मुभा मिळे. पुढें राज्याराज्यांत अशी चढाओढ लागली, कीं 1999 च्या नोव्हेंबरांत सर्वांनीं मिळून 1 जानेवारी 2000 पासून नव्या कारखान्यांस विक्रीकराच्या सवलती बंद करण्याचें ठरविलें. तरी वाट बदलली, मुक्काम तोच राहिला. कारखानदारानें आधीं कर भरावा व त्या हिशेबानें सरकारनें त्यास अनुदान द्यावें, अशी रीति पडली. 2017 सालीं वस्तु व सेवा कर आल्यावर, 2019 च्या योजनेंतही तीच कायम राहिली.

यांत अन्याय कसा शिरतो, याची आम्हीं तहसील कचेरींत कारकून असतांना पाहिलेली एक गोष्ट सांगतों. एका तालुक्याच्या गांवीं तेलाची एक जुनी गिरणी होती. तिच्या शेजारीं नवी गिरणी निघाली व तिला कर लांबणीवर टाकण्याची सवलत मिळाली. जुना मालक कर महिन्याचे महिन्यास भरी. नव्याच्या हातांत तोच पैसा बिनव्याजी भांडवल म्हणून खेळे. तेलाच्या धंद्यांत नफा पातळ. कांहीं वर्षांत जुनी गिरणी बंद पडली व तिचे हमाल रोजगारास मुकले. पुढें नवीची पैसे फेडण्याची मुदत आली, तेव्हां तिच्या दारास कुलूप होतें आणि यंत्रें नाहींशीं झालीं होतीं. ती बाकी जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल करण्याचा दाखला आमच्या कचेरींत आला. तलाठ्यानें पंचनामा केला. त्यांत पत्र्याची शेड व चार बाभळी एवढीच मालमत्ता निघाली. त्याच आठवड्यांत एका कोरडवाहू शेतकऱ्यानें शेळी विकून शेतसाऱ्याची लहानशी बाकी आमच्यासमोर भरली. दोन्ही नोंदी आम्हींच केल्या. पहिलीपुढें ‘वसूल नाहीं’ असें लिहिलें, व दुसरीपुढें ‘वसूल’.

शेतकऱ्याच्या सुटींत व कारखानदाराच्या माफींत हा भेद आहे. शेतकऱ्यास सूट मिळे ती पीक बुडाल्यावर. आणि तीही गांवची आणेवारी पन्नास पैशांच्या आंत ठरली तर. त्याकरितां शेतांत उभें राहून पीक कापून मोजीत, आणि सारा गांव तें पाही. कारखानदारास मिळते ती पेरणीपूर्वीं, केवळ उगवणीच्या आशेवर. आणि पीक आलें किंवा नाहीं हें पाहण्यास गांवाला कोणी बोलावीत नाहीं.

म्हणून माफी मुळींच नको, असें आम्ही म्हणत नाहीं. खानदेशचा कापूस सरहद्द ओलांडून गुजराथेंत जातो, हें वाचकांस सांगावयास नको. माल आपला, आणि सरकी, सूत व मजुरी परक्याची, ही स्थिति पालटावयाची तर बंदरापासून दूर असलेल्या आपल्या तालुक्यांत कारखानदार येण्यास कांहीं तरी निमित्त हवें. आपल्यांतील तरुण मंडळी केळींचे वेफर किंवा डाळ करण्याचा धंदा काढूं पाहतात, त्यांसही आरंभीं आधार हवा. मात्र नफ्यावरील करमाफी ही ज्यास नफा होतो त्याच्याच कामाची. 2018 सालीं शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्यांस कांहीं वर्षें नफ्यावर पूर्ण आयकर वजावट मिळाली होती. परंतु पहिलीं दोन-तीन वर्षें तोट्यांत काढणाऱ्या लहान कंपनीस तिचा काय उपयोग? तिला वीज, व्याज व गुदाम यांचा भार हलका व्हावयास हवा.

आणि दुसऱ्याचा हिशेब मागतांना आपलाही दाखविला पाहिजे. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाहीं. हा लाभ कोरडवाहू शेतकऱ्यास नांवापुरता, पण मोठ्या बागाईतदारास भरपूर होतो. तेव्हां माफी या शब्दावरच रागावण्याचा अधिकार आपणांस नाहीं. आपण तिच्या अटींविषयीं बोलावें, हेंच उचित.

त्या अटी आमच्या मतें चार असाव्या. पहिली, माफीची मुदत आरंभींच लिहिलेली असावी व कर दरसाल चढत जाऊन ती संपावी. दुसरी, जुन्याच मालकानें नवें नांव लावून पुन्हा कौल घेऊं नये. आणि शेजारचा जुना कारखानदार यंत्रें वाढवील तर त्यासही त्या प्रमाणांत लाभ व्हावा. तिसरी, मुदतीपूर्वीं कारखाना हलविल्यास माफ झालेली रक्कम परत घ्यावी, व तिचा बोजा पहिल्या दिवसापासून जमिनीच्या सात-बारावर असावा. चौथी, कोणास किती माफी मिळाली व किती माणसें कामास लागलीं, याची यादी दरवर्षीं ग्रामसभेंत वाचली जावी.

या अटी पाळल्या तर तो इस्तावा होय, आणि त्यास कोणाही समंजस शेतकऱ्यानें हरकत घेऊं नये. त्या न पाळल्या, तर तें इनाम होय. आणि इनामाचा सारा शेवटीं शेजारच्या रयतेच्याच अंगावर पडतो. आपल्या तालुक्यांत नवा कारखाना येईल तेव्हां त्याचें स्वागत अवश्य करावें. पण ग्रामसभेंत एकानें तरी उठून विचारावें, कीं हा कौल किती वर्षांचा आहे?