दूरस्थ अभियांत्रिकी शिक्षण आणि प्रयोगशाळा

सुरतेच्या लिंबायत, उधना आदी भागांत खानदेशातून रोजगारासाठी आलेली अनेक मराठी कुटुंबे राहतात. मुलांनी अभियंता व्हावे ही त्यांपैकी कित्येकांची आकांक्षा असते. याच शहरात १९६१ साली स्थापन झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय आज सरदार वल्लभभाई राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. परंतु अशा संस्थांतील जागा मर्यादित असतात. त्यामुळे घरबसल्या शिक्षण देणाऱ्या ऑनलाइन अभ्यासक्रमांकडे लक्ष वळणे स्वाभाविक होय. अशा वेळी प्रयोगशाळेची सोय काय, हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे.

व्याख्यान, आकृती व गणित पडद्यावर शिकविता येते. प्रात्यक्षिकाचे तसे नाही. डी. सी. मोटरची चाचणी घेताना जोडणी उलट झाल्यास अमीटरचा काटा मागे सरकतो. तार सैल राहिल्यास सांधा तापतो. तेच मोजमाप पुन्हा घेतले तरी आकडे तंतोतंत जुळत नाहीत. उपकरणाचा दोष कोणता व स्वतःची चूक कोणती, हे ओळखण्याची दृष्टी अशा अनुभवातूनच येते.

या कामी संगणकाचे साहाय्य दोन प्रकारे होते. केंद्र शासनाच्या ‘व्हर्च्युअल लॅब्ज’ प्रकल्पात प्रयोगांच्या संगणकीय प्रतिकृती उपलब्ध आहेत. दुसऱ्या प्रकारात उपकरण खरे असते, मात्र ते दुरून चालविले जाते. मुंबईच्या आयआयटीने विकसित केलेल्या एका संचात लहान तापक, पंखा व तापमापक संवेदक असून, दूरच्या विद्यार्थ्याला इंटरनेटद्वारे त्याचे तापमान नियंत्रित करता येते. पूर्वतयारीसाठी व उजळणीसाठी ही साधने मोलाची आहेत. पण पेचकस हाती धरल्याचा अनुभव ती देऊ शकत नाहीत.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांनी अभियांत्रिकी पदवी दूरस्थ वा ऑनलाइन पद्धतीने देण्यास मनाई केली, त्यामागील कारणही येथेच आढळते. मद्रास आयआयटीने २०२३ मध्ये इलेक्ट्रॉनिक सिस्टिम्स विषयाचा बी. एस. अभ्यासक्रम मुख्यत्वे ऑनलाइन सुरू केला. त्यातही प्रयोगशाळेच्या कामासाठी विद्यार्थ्यांना चेन्नईस प्रत्यक्ष जावे लागते.

यास्तव शुल्क भरण्यापूर्वी पालकांनी अभ्यासक्रमाची मान्यता, प्रात्यक्षिकांचे ठिकाण व दिवस यांची लेखी माहिती घ्यावी. शाळेतील शिक्षकांनी या चौकशीत त्यांना मार्गदर्शन केल्यास कष्टाचा पैसा व मुलांची उमेदीची वर्षे वाया जाणार नाहीत.