दुर्लक्षित ग्रंथांचा शोध

केळव्यास येणारा प्रवासी समुद्रकिनारा व शीतलादेवीचें देऊळ पाहून बहुधा परत फिरतो. सुरूच्या बनांतील भुईकोट किल्ला कोणी गांवकऱ्यानें सांगितला तरच त्यास दिसतो. ग्रंथांचीही स्थिति अशीच आहे. थोड्यांनीं वाचलेलें, परंतु वाचणाऱ्यांस मनापासून आवडलेलें पुस्तक सांगणारा न भेटल्यास कपाटांतच राहतें.

सांगणाऱ्यांचें हें काम आतां वाचकांनीं मिळून भरलेल्या संगणकीय ग्रंथसूची करितात. 'लायब्ररीथिंग' २००५ सालीं व 'गुडरीड्स' २००७ सालीं सुरू झाली. तेथें वाचक पुस्तकास पांचांपैकीं तारे देतात, आणि पुस्तकापुढें ताऱ्यांची सरासरी व मतांची संख्या असे दोन आंकडे दिसतात. हे दोन्ही आंकडे एकत्र वाचणें हीच शोधाची किल्ली होय.

समजा, एका पुस्तकास ४ मतें असून सरासरी ५ आहे. दुसऱ्यास ८० मतें व सरासरी ४.५, तिसऱ्यास २०,००० मतें व सरासरी ४. पहिलें श्रेष्ठ म्हणावें काय? चार मतें लेखकाच्या मित्रांचींही असूं शकतील. म्हणून प्रत्येकाच्या हिशेबांत साडेतीन ताऱ्यांचीं २० मध्यम मतें मिळवूं. पहिल्याची सरासरी ३.७५ वर येते, दुसऱ्याची ४.३ राहते, तिसऱ्याची जवळजवळ ४ च राहते. दुसरें पुस्तक तेंच, ज्याच्या आम्ही शोधांत आहों!

मात्र सावधगिरी हवी. 'गुडरीड्स' २०१३ सालीं ॲमेझॉन या विक्रेत्या कंपनीनें विकत घेतली. म्हणून तेथील शिफारशीपेक्षां वाचकांचे अभिप्राय पाहावे. शिवाय मराठी पुस्तकाचें नांव एकदां देवनागरींत व एकदां रोमन लिपींत नोंदलें गेल्यास मतें विभागतात. यास्तव दोन्ही लिपींत शोध करावा.

एका वाचकाच्या साक्षीचें मोल केवढें! ताराबाई शिंदे यांचें 'स्त्रीपुरुषतुलना' १८८२ सालीं छापलें गेलें. जोतीराव फुले यांनीं १८८५ सालीं 'सत्सार'मध्यें त्याचा कैवार घेतला. तरी पुढें तें विस्मृतींत गेलें. १९७५ सालीं स. गं. मालशे यांनीं तें पुन्हां प्रसिद्ध केलें, आणि आज तें सर्वत्र अभ्यासिलें जातें. शंकर गणेश दाते यांनीं तर १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूचि अपार परिश्रमानें सिद्ध केली. ज्याची नोंद नाहीं, त्याचा शोध घेणार कोण?

म्हणून विद्यार्थ्यांस आमची विनंति आहे कीं, घरांतील जुन्या पेट्या व फळ्या पाहा. पुस्तकाचें नांव, लेखक, प्रकाशक व साल तपासा. आजीआजोबांस तें कां आवडलें हें विचारा. मग तें 'ओपन लायब्ररी'सारख्या खुल्या सूचींत आहे काय तें पाहा, आणि नसल्यास पालकांच्या समक्ष नोंदवा. मराठी वाचकांनींच आपले ग्रंथ नोंदविले नाहींत, तर परक्यांनीं ते कोठें शोधावे?